आभाळ आलतं

दौलतराव खोतांचं नाव काढलं तर आमच्या जुन्या कचेरीतली दोन-चार पिकली माणसं आजही कानाच्या पाळीला हात लावतात. "असा तर्जुमा करणारा माणूस पुन्हा झाला नाही," म्हणतात. ते खोटं नाही. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं नक्कलनवीस होतो. त्यांनी केलेलं भाषांतर सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं, एवढंच माझं काम. त्यांच्या इंग्रजीची मला अजून भुरळ आहे. आणि त्यांची आठवण झाली की जेवणावरची वासना उडते, तीही त्याच इंग्रजीमुळे.

कोल्हापुरात तेव्हा महाराज गादीवर होते, पण काही जहागिऱ्यांमधले मोठे खटले एका गोऱ्या साहेबापुढे चालत. साहेबाला मराठीचा गंध नव्हता. 'पानी लाव' आणि 'जल्दी करो' यावर त्याची आमच्या भाषांची शिदोरी संपे. त्यामुळे फिर्यादी, साक्षी, अर्ज, जबान्या, सगळं खोतांच्या हातून इंग्रजीत जाई आणि मगच साहेबाच्या कानी पडे. खेडवळ माणूस समोर उभा राहून घसा फोडून बोले. साहेब मात्र त्याच्याकडे न बघता खोतांच्या तोंडाकडे बघत असे.

खोत स्वतः गडमुडशिंगीच्या कुळवाड्याचे. घराण्यात अक्षर ओळखणारा हा पहिलाच माणूस. त्यांनी ते कधी लपवलं नाही, पण अंगाला लागूही दिलं नाही. उंच, काटक, बंद गळ्याचा काळा कोट, डोक्याला चापून बांधलेला फेटा. कामाला बसण्याआधी तांब्यातल्या पाण्यानं बोटं धुवायचे आणि स्वच्छ पंच्याला पुसायचे. 'हाय', 'न्हाई', 'व्हय' हे शब्द त्यांच्या तोंडून नऊ वर्षांत मी एकदाही ऐकले नाहीत. दुसऱ्यानं उच्चारले तर दात दुखल्यासारखा चेहरा करत.

त्यांचं भाग्य एका शब्दानं उघडलं होतं, आणि तो शब्द आभाळाचा होता. ही हकीकत ते स्वतः सांगत. साहेब नवा होता. शिकारीला निघाला होता, घोडा बाहेर उभा होता. जाता जाता त्यानं सहज विचारलं, आज दिवस कसा आहे? बाकीचे कारकून 'फाइन सर, फाइन सर' करायला लागले. खोतांनी वर पाहिलं. पश्चिमेकडून ढग इतके खाली उतरले होते की टेकड्यांची डोकी दिसेनाशी झाली होती. ते म्हणाले, "द स्काय इज लोअरिंग, सर." साहेब थबकला. घोडा परत पाठवला. अर्ध्या घटकेत असा पाऊस कोसळला की अंगणात गुडघाभर पाणी. साहेब म्हणाला, हा शब्द माझ्या गावातसुद्धा फार जणांना ठाऊक नाही. त्या दिवसापासून कचेरीत कुणाला 'मिस्टर' म्हटलं गेलं असेल तर ते एकट्या खोतांना.

त्यानंतर ते जणू आभाळाचे मालकच झाले. रोज सकाळी व्हरांड्याच्या पायरीवर उभे राहायचे, मान वर करायची, डोळे बारीक करायचे, आणि मग खिशातल्या काळ्या वहीत त्या दिवसाचा शब्द टिपायचे. पावसाळ्यात तर ही पूजा अर्धा तास चाले. साहेबाला त्या चौकशीचं वेडच लागलं होतं. गाडीतून उतरला की "वेल, मिस्टर खोत?" असं विचारी आणि खोत शब्द देत. एकच शब्द लागोपाठ दोन दिवस दिलेला मी पाहिला नाही. "एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरतो तो हमाल," ते म्हणत. "माल तोच, पोतं तेच. तर्जुमा करणाऱ्याकडं सतरा पोती पाहिजेत."

अण्णा सबनीस आमच्या दप्तरखान्याचे प्रमुख होते. साठीला आलेले, पेन्शनीची वाट पाहणारे, मऊ स्वभावाचे. धाकट्या मुलाच्या शाळेच्या पुस्तकातून त्यांनी चार इंग्रजी वाक्यं जमवली होती आणि ती वापरायची त्यांना फार हौस. श्रावणातल्या एका सकाळी साहेब गाडीतून उतरला तेव्हा नेमके अण्णाच पायरीवर होते. ते म्हणून गेले, "क्लाउडी डे, सर." साहेब हसला. "येस, व्हेरी क्लाउडी," म्हणाला आणि खोतांना काही न विचारताच आत गेला.

खोतांनी काळी वही खिशात घातली. मग ते अण्णांच्या मेजाजवळ आले.

"अण्णा, उठा. अंगणात चला."

आम्ही सगळे खिडक्यांशी जमलो. खोतांनी अण्णांना उघड्यावर उभं केलं.

"वर बघा. ढगांत कुठं फट दिसते?"

"नाही दिसत, रावसाहेब."

"फट असेल तर क्लाउडी. फट नसेल तर ओव्हरकास्ट. तुम्ही साहेबाला क्लाउडी सांगितलंत, म्हणजे फट असणार. शोधा. सापडली की आत या."

अण्णांना वाटलं थट्टा आहे. ते हसले आणि आत यायला निघाले. खोतांनी हात आडवा धरला. "साहेबाला खोटं सांगितलं असं मी लिहून देऊ का? पेन्शनीचा कागद अजून माझ्याकडूनच जायचा आहे."

म्हातारा उभा राहिला. मान वर, तोंड उघडं. मधून मधून झिमझिम पडत होती. पागोट्याचा रंग ओघळून कानामागून कोटावर उतरला. शिपाई हसत होते. कुणीतरी आतून ओरडलं, "अण्णा, त्या पिंपळावर बघा, तितं हाय फट!" आणि अण्णांनी खरंच पिंपळाकडे मान वळवली. मग तर कचेरी लोळायचीच बाकी राहिली. मीही हसलो. चांगलं पोट धरून हसलो. दुपारी साहेब जेवायला गेला तेव्हा खोतांनी त्यांना आत बोलावलं. दुसऱ्या दिवसापासून मान धरली म्हणून अण्णा आठवडाभर घरी होते. परत आल्यावर त्यांनी पेन्शन घेईपर्यंत एक शब्द इंग्रजीत काढला नाही, आणि माझ्याशी तर मराठीतही बेताचंच बोलले.

खोतांचं घर शाहूपुरीत होतं. पेठ तेव्हा नुकती वसत होती. नवी घरं, नवी दुकानं, मधे मोकळ्या जागा. एका रविवारी काही कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. आम्ही सोप्यावर बसलो होतो. वहिनींनी समोर अंगणात सांडगे वाळत घातले होते. दोन बाजल्यांवर धोतरं पसरून चार-पाच दिवसांची मेहनत मांडली होती. वारा फिरला, उजेड मंदावला, तशा वहिनी लगबगीनं बाहेर आल्या.

"आभाळ आलंय वं," त्या म्हणाल्या. "वाळवण काढू या."

खोतांनी कागदावरून नजर काढली नाही. "काय आलंय?"

"आभाळ."

"आभाळ येतं म्हणजे काय? पाहुणा आहे का तो?"

वहिनी हसल्या. बाई मोठी गोड होती. "पाव्हणाच म्हणायचा की. येतंय, जरा टेकतंय, जातंय."

मला ते फार आवडलं आणि मी मान डोलावली. तिथंच चुकलं. खोतांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली गेला. रागावले की त्यांचा आवाज नेहमी खाली जाई.

"थांब. हात लावू नको. आधी नीट बोल. आकाश ढगांनी भरलं आहे. म्हण."

"म्हणते की मागनं. थेंब पडायला लागल्यात."

"आत्ता म्हण. मुजुमदार ऐकताहेत. एवढी वर्षं शहरात राहून खुरप्याची भाषा जात नाही तुझी."

वहिनी बाजल्याजवळ उभ्या राहिल्या. तोंडानं दोनदा प्रयत्न केला, पण माझ्यासमोर त्यांना शब्द फुटेना. 'आकाश' म्हणाल्या आणि अडखळल्या. तेवढ्यात सर आलीच. खोत शांतपणे कागद वाचत राहिले. पांढरे सांडगे फुगले, विरघळले, धोतरावरून ओघळून बाजल्याखाली चिखल झाला. बाई भिजत उभी होती. मी उठायला पाहिजे होतं. दोन पावलांवर बाजलं होतं. मी कागदांचे कोपरे जुळवत बसलो.

आता उचगावकडच्या खुनाचं सांगतो. ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

उचगावच्या पलीकडे जहागिरीच्या शिवारात दोन चुलत भावांचं बांधावरून भांडण होतं. एके दिवशी दुपारी थोरला बाळू बांधावर मरून पडलेला सापडला. डोकं फुटलेलं. धाकटा रावजी म्हणाला, मी घरी होतो. मारताना पाहणारा एकच माणूस होता, हुसेन पिंजारी. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव गाद्या पिंजत फिरणारा. त्या दुपारी तो एका गावाहून दुसऱ्या गावाला निघाला होता. पाऊस येईल, कापूस भिजेल, म्हणून बाभळीखाली थांबला आणि तिथून दोनशे पावलांवर त्यानं रावजीला कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, बाळूच्या डोक्यात घालताना पाहिलं. त्याचं ना बाळूशी नातं, ना रावजीशी वैर. तोंड बंद ठेवून चालता झाला असता तर कुणाला कळलंही नसतं. तो मागे फिरला आणि चावडीवर जाऊन सांगून मोकळा झाला.

पहिली जबानी चावडीवर मराठीत झाली. त्यात होतं, 'आभाळ आलतं म्हणून मी बाभळीखाली हुबा ऱ्हायलो.' खोतांनी तिचं इंग्रजी केलं, तिथं लिहिलं 'क्लाउडी'. मी ती प्रत उतरवली.

महिन्यानं साहेबापुढे खटला उभा राहिला. हुसेन पिंजऱ्यात आला. चाळिशीचा असेल, बारीक अंगाचा, दाढीत कापसाचं तूस अडकलेलं. पहिल्यांदाच एवढी मोठी कचेरी पाहत होता, पण घाबरला नव्हता. बोलला तोही मोकळेपणानं, समोर साहेब नसून गावचा पाटील असावा तसा.

"आभाळ आलतं साहेब. म्हणून मी बाभळीखाली थांबलो. तितनं मला रावजी दिसला."

खोत उभे राहिले, बोटं पंच्याला टेकवली आणि भाषांतर केलं. या खेपेला शब्द आला 'मर्की'. मी कोपऱ्यात लिहीत होतो. माझी लेखणी क्षणभर अडखळली आणि पुढे गेली. तो शब्द मला नवा होता. संध्याकाळी कोशात पाहिला: काळोखा, धुरकट, पलीकडचं दिसू न देणारा.

रावजीचा वकील पुण्याहून आणलेला होता आणि त्याला इंग्रजी चांगलं येत होतं. तो उठला आणि त्यानं चावडीवरच्या जबानीची इंग्रजी प्रत आणि आताच्या साक्षीचं इंग्रजी टिपण, दोन्ही कागद साहेबापुढे ठेवले. महिन्यापूर्वी हा साक्षीदार म्हणतो क्लाउडी. आज म्हणतो मर्की. मर्की असेल तर दोनशे पावलांवरचा माणूस ओळखू येणं शक्य नाही. मग खरं कोणतं?

साहेब खोतांना म्हणाला, विचारा त्याला.

त्या एका क्षणी खोतांनी एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, त्याचा शब्द दोन्ही वेळा एकच आहे, बदलला तो मी. त्यांनी साक्षीदाराकडे तोंड वळवलं.

"काय रे, त्या दिवशी ढग आले होते, की अंधारून आलं होतं? एक काहीतरी सांग."

हुसेन गोंधळला. दोन्हीत त्याला फरक वाटेना. मोठा माणूस विचारतोय तर दोन्ही मान्य करावं, असं त्याला वाटलं असावं.

"आभाळ आलतं की जी. जरा अंधारल्यागत हुतं, पर दिसत हुतं."

खोतांनी सुरुवात केली. 'अंधारल्यागत हुतं' एवढं इंग्रजीत झालं आणि साहेबानं हात वर केला. बस. साहेबाचं समाधान झालं होतं. खोत थांबले. ते शेवटचे तीन शब्द, 'पर दिसत हुतं', इंग्रजीत गेलेच नाहीत. हुसेन मात्र साहेबाकडे आशेनं बघत होता. त्याला वाटत होतं आपलं सगळं पोचलं.

रावजी सुटला. दुपारी शाहूपुरीत पेढे वाटत गेला. आणि खोटी साक्ष दिली म्हणून हुसेनवरच खटला भरायचा हुकूम झाला.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी चावडीवरचा मराठी कागद आणि त्या दिवसाची माझी टिपणं घेऊन व्हरांड्यात गेलो. खोत जायच्या तयारीत होते.

"रावसाहेब, दोन्हीकडं 'आभाळ आलतं' असंच आहे."

"मग?"

"आपण एकदा क्लाउडी केलं, एकदा मर्की."

"एकाच साक्षीदाराच्या तोंडी दोनदा क्लाउडी घालू? साहेब काय म्हणेल?"

"पण त्या माणसाला शिक्षा होईल."

त्यांनी माझ्या हातातले कागद घेतले, नीट जुळवले, परत दिले. आवाज खाली गेला होता.

"मुजुमदार, साहेबापुढे गेलेली प्रत कुणाच्या अक्षरातली आहे?"

"माझ्या."

"कच्चा मसुदा मी रोज संध्याकाळी जाळतो. तुम्हाला माहीत आहे. उद्या साहेबानं विचारलं शब्द कुणी बदलला, तर मी काय सांगावं असं तुम्हाला वाटतं? माझी बावीस वर्षांची नोकरी आहे. तुमची?"

माझी तिसरी चालू होती. घरी आई होती, लग्नाची बहीण होती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली, आणि खरं सांगायचं तर ती मला लगेच पटली.

हुसेनला कच्च्या तुरुंगात टाकलं. त्याचा खटला पंधरा दिवसांवर होता. त्या पंधरा दिवसांत त्याची बायको हलिमा उचगावहून रोज पायी यायची आणि व्हरांड्याच्या टोकाला बसायची. शिपाई हाकलत. ती दहा पावलं मागं जाऊन पुन्हा बसे. एक दिवस खोत बोटं धुवायला बाहेर आले तेव्हा तिनं त्यांचे पाय धरले.

"रावसायब, माझ्या मालकानं बघितलं ते सांगितलं वं. झूट बोलायची त्यास्नी सवय न्हाई. उद्या महाराजांची गाडी ह्या रस्त्यानं जाणार हाय म्हणं. मी आडवी हुबी ऱ्हाणार हाय. त्यास्नी सांगणार हाय."

हे अगदी होण्याजोगं होतं. लोक असे उभे राहत आणि महाराज गाडी थांबवून ऐकून घेत. त्यांनी साहेबाकडे चौकशी केली असती तर दोन कागद निघाले असते, मराठी कागद निघाला असता. खोतांनाही ते माझ्याइतकंच लख्ख दिसलं असणार. ते हसले. त्यांनी तिला पायरीवर बसवलं. शिपायाला तिच्यासाठी पाणी आणायला लावलं. मग खिशातून काळी वही काढली, माझ्याकडची लेखणी घेतली, आणि कधी नव्हे ते एका खेडूत बाईच्या शेजारी पायरीवर बसले.

"सांग. त्या दिवशी आभाळ कसं होतं?"

हलिमा सांगायला लागली. गरीब बाई, एक एक गोष्ट आठवून सांगत होती. "सकाळच्यानं उघाड हुतं जी. मग म्हातारीच्या केसागत पांढरं पांढरं आलं. मग झाकाळलं. असं झाकाळलं की कोंबडी घरात आली, पर माणूस वळखू येत हुतं. मीच की वढ्यापल्याड सासूला हाक मारली."

"झाकाळलं," खोत म्हणाले. "आणखी काय म्हणता तुम्ही?"

"म्हणतो की. गदळलंय म्हणतो. कोंदटलंय म्हणतो. आभाळ फाटलंय म्हणतो, पर ते पाऊस लई पडला तर."

ते लिहीत होते. एकेका शब्दापुढे इंग्रजी शब्द. मी मागे उभा राहून वाचत होतो. झाकाळलं, ओव्हरक्लाउडेड. गदळलं, टर्बिड, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. दोन पानं भरली. हलिमा त्या लेखणीकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होती. तिला वाटलं, हा आपला अर्ज लिहिला जातोय.

लिहून झाल्यावर त्यांनी वही मिटली.

"समदं लिवलं न्हवं?" तिनं विचारलं.

"सगळं लिहिलं."

"सायबापतूर पोचंल?"

"पोचेल. आता महाराजांच्या गाडीपुढं उभं राहायचं कारण नाही. दोन ठिकाणी दाद मागितली की साहेब चिडतो. काम बिघडेल. घरी जा."

तिनं पदर पसरून त्यांना दुवा दिली. मलाही दिली. मग ती उठली आणि उचगावच्या रस्त्याला लागली. दुसऱ्या दिवशी महाराजांची गाडी कचेरीवरून गेली. आम्ही नेहमीसारखे खिडकीशी गेलो, मुजरे केले. रस्त्यावर कुणी आडवं उभं नव्हतं. मी पंचवीस पावलं धावत गेलो असतो तरी पोचलो असतो.

हुसेनला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. निकालपत्रात क्लाउडी आणि मर्की या दोन शब्दांवर साहेबानं पानभर लिहिलं होतं आणि तर्जुमेकाराच्या अचूकपणाची खास तारीफ केली होती. त्याची प्रत मीच केली. खोतांनी ती वाचली आणि एका ठिकाणी स्वल्पविराम राहिलाय, तेवढा घालायला सांगितलं.

हलिमा पुन्हा आली नाही. त्या वर्षी उचगावात प्लेग शिरला. लोक शिवारात झोपड्या बांधून राहिले. ती त्या झोपडीतच गेल्याचं कुणीतरी सांगितलं. मी ते खोतांना सांगितलं, मुद्दाम सांगितलं. काय होतं ते पाहायचं होतं मला. त्यांनी विचारलं, "कोण हलिमा?" आणि ते सोंग नव्हतं. मी त्यांचा चेहरा चांगला ओळखत होतो. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

पुढे साहेब बदलला, खोत सन्मानानं पेन्शनीत गेले, त्यांची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. नव्या माणसाला एका जुन्या कागदातला एक शब्द लागेना, म्हणून मला त्यांच्या घरी धाडलं. बरीच वर्षं झाली होती. शाहूपुरी आता गजबजली होती. खोत अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पाठ वाकली होती, पण कोट तोच आणि बोटं तशीच स्वच्छ. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाले, कागद पाहिला आणि तिथल्या तिथं शब्द सांगितला. बरोबर होता.

समोर एक पिंजारी त्यांची गादी उसवून कापूस पिंजत होता. पिंजणाची तात टणटणत होती, तूस उडत होतं. दाढी पांढरी झालेली, एक खांदा खाली गेलेला. मी त्याला नीट पाहिलं आणि ओळखलं.

"अरे, तूस इकडं येतंय. तोंड तिकडं कर," खोत त्याला म्हणाले. "नाव काय तुझं?"

"हुसेन जी."

"कुठला?"

"उचगावचा."

"उचगावची माणसं कामाला बरी असतात," खोत मला म्हणाले. मग पुन्हा त्याला म्हणाले, "रात्री पाठ फार धरते माझी. मऊ कर चांगली."

"व्हय जी."

त्यांना चहाची आठवण झाली आणि सांगायला ते आत गेले. अंगणात आम्ही दोघंच राहिलो. हुसेननं तात थांबवली नाही. माझ्याकडे न बघताच बोलला.

"तुमी कोपऱ्यात बसून लिवत हुतासा."

मी हो म्हणालो.

"त्यांनी वळखलं न्हाई मला."

"नाही."

"मी आल्याबरूबर वळखलं." त्यानं मुठीत कापूस घेतला, उलगडला, पुन्हा तातीवर टाकला. "आत असताना रोज एकच इचार करायचो. मी असं काय बोललो हुतो? आजून कळलं न्हाई. तुमास्नी म्हाईत हाय काय?"

मला माहीत होतं. सगळ्या जगात ते दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक विसरून गेला होता. मी म्हणालो, "नाही बाबा. मी फक्त नकला करत होतो."

तो पिंजत राहिला. खोत बाहेर आले. संध्याकाळपर्यंत थांबा, गप्पा मारू, म्हणाले, आणि मला नाही म्हणता आलं नाही. हुसेननं कापूस भरला, टाके घातले, गादी झटकली आणि सोप्यावरच्या बाजल्यावर पसरली. खोतांनी तळहातानं ती चार ठिकाणी दाबून पाहिली. मग कोट काढून खुंटीला लावला आणि तिच्यावर आडवे झाले. अंग हळूहळू सैल सोडलं. हुसेन पिंजण खांद्याला अडकवून पायरीशी उभा होता. ते बघून मीही उठलो.

"मुजुमदार, जाताना दार ओढून घ्या," ते डोळे मिटून म्हणाले. मी दारापाशी पोचेपर्यंत त्यांना गाढ झोप लागली होती.